योनाथानाचे बाण आणि हॅरिएटचे गाणे

शास्त्रभाग : १ शमुवेल २०:१८-४२, अनुवाद २३:१५-१६

दावीद व योनाथान यांचा पाठ शब्बाथ शाळेत बहुधा मैत्रीचा पाठ म्हणून शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्या अध्यायात एक पोरगा आहे, त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला आहे. दावीद शेतात दगडाआड लपून बसला आहे. सकाळी योनाथान तेथे येतो, बरोबर हा पोरगा. योनाथान बाण मारतो, पोरगा धावतो, आणि योनाथान मागून ओरडून सांगतो की बाण आणखी पुढे गेला आहे. पोरगा बाण गोळा करतो, धन्याची शस्त्रे उचलतो आणि नगरात परत जातो. त्याच्या दृष्टीने ती रोजची नेमबाजी झाली. दाविदाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा निरोप होता : परत येऊ नकोस, निघून जा. एकोणचाळिसाव्या वचनात शास्त्रलेखक मुद्दाम नोंद करतो की त्या पोराला यातले काहीच ठाऊक नव्हते.

हा पाठ तयार करताना मला दर वेळी अमेरिकेतील गुलामांची आठवण होते. १८६० साली त्या देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीत होती. त्यांतील काही जण जीव मुठीत धरून उत्तरेकडे पळाले. रात्री चालत, दिवसा जंगलात किंवा एखाद्या दयाळू माणसाच्या माळ्यावर लपत. त्यांना मदत करणाऱ्यांच्या जाळ्याला 'भुयारी रेल्वे' असे नाव पडले. भुयार नव्हते आणि रूळही नव्हते. पण आसऱ्याच्या घराला 'स्टेशन', वाट दाखवणाऱ्याला 'कंडक्टर' आणि पळणाऱ्याला 'उतारू' म्हणत. १८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून अशा मदतीला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग अशी शिक्षा ठेवली. पळून आलेला मनुष्य उत्तरेच्या मोकळ्या राज्यात सापडला तरी त्याला परत पाठवणे भाग झाले. आता अनुवादातील वर दिलेली दोन वचने उघडून पाहा. धन्यापासून पळून आलेल्या दासाला त्याच्या स्वाधीन करू नये, त्याला आवडेल त्या ठिकाणी राहू द्यावे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. कायदा करणारे बहुतेक जण चर्चला जाणारे होते. हे पान त्यांच्या पवित्र शास्त्रातही होतेच.

अशा वेळी निरोप कसा पाठवायचा?

मेरीलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात १८२२ च्या सुमारास जन्मलेली हॅरिएट टबमन १८४९ साली गुलामगिरीतून निसटली. लहानपणी एका मुकादमाने दुसऱ्यावर फेकलेले लोखंडी वजन डोक्यात बसल्यामुळे तिला जन्मभर अचानक झोपेच्या गुंगीचे झटके येत. तरीही ती परत परत मेरीलँडला गेली. जुन्या पुस्तकांत तिच्या एकोणीस फेऱ्या व तीनशे माणसे असा आकडा दिलेला असतो. नंतरच्या अभ्यासकांनी कागदपत्रे ताडून पाहिली, तेव्हा सुमारे तेरा फेऱ्या आणि सुमारे सत्तर माणसे असा हिशोब निघाला. शिक्षकांनी हाच आकडा सांगावा. सत्तर जीव म्हणजे काही थोडे नव्हेत.

हॅरिएटला लिहितावाचता येत नव्हते. १८५४ च्या डिसेंबरात तिला कळले की नाताळ होताच तिच्या तीन भावांना विकण्याचा बेत आहे. तिने एका मित्राकडून पत्र लिहवून घेतले आणि भावांच्या जवळपास राहणाऱ्या जेकब जॅक्सन या मोकळ्या, साक्षर कृष्णवर्णी गृहस्थाच्या नावे पाठवले. पत्राखाली सही त्याच्या मानलेल्या मुलाची. हा मुलगा उत्तरेत राहत होता. मजकूर साधा, कौटुंबिक आणि भक्तीचा : घरच्या वडीलधाऱ्यांना माझा सलाम सांगा, आणि भावांना सांगा की प्रार्थनेत जागृत राहा, सीयोनेचे जुने जहाज आले की त्यावर चढायला तयार असा.

कृष्णवर्णी लोकांची पत्रे आधी गोरे अधिकारी फोडून वाचत. त्यांनी हे वाचले आणि ते बुचकळ्यात पडले, कारण त्या मुलाला ना वडीलधारे होते ना भाऊ. त्यांनी जेकबला बोलावून पत्र त्याच्या हाती दिले. जेकबने एका नजरेत सारे ओळखले. मग पत्र खाली टाकून म्हणाला की हे माझे नसावे, मला याचा काही अर्थ लागत नाही. एवढे बोलून तो निघाला आणि हॅरिएटच्या भावांना गाठून सांगितले की ती येत आहे, तयार राहा.

योनाथानाचा पोरगा आठवला ना? इथे त्या पोराच्या जागी सरकारी अधिकारी उभे आहेत. बाण सर्वांच्या डोळ्यांसमोर सुटला, पण तो कोठे पडणार हे ज्यांचे त्यांनाच ठाऊक.

गाण्यांचेही तसेच. साराह ब्रॅडफर्ड या बाईंनी हॅरिएटच्या तोंडून ऐकून तिचे चरित्र १८६९ साली प्रसिद्ध केले. त्यात असे आहे की हॅरिएट आपल्या माणसांना झाडीत लपवून अन्न शोधायला जाई. परत येताना वाटेवरून एक आनंदाचे भक्तिगीत गात चाले. पहिल्यांदा गाणे ऐकू आले तरी कोणी हलायचे नाही. ती पुढे जाऊन कानोसा घेई, आणि वाट मोकळी असली तर तेच गीत पुन्हा गात मागे फिरे. मग सर्वांनी बाहेर यायचे. पण तिने मोशे व फारो यांचे गाणे म्हटले तर जागचे हलायचे नाही, वाटेत धोका आहे. आपल्याला वाटले असते की मिसरातून सुटकेचे गाणे म्हणजे 'निघा'. तिच्याकडे त्याचा अर्थ 'थांबा' असा होता. म्हणजे खूण गाण्याच्या शब्दांत नव्हती. आधी एकमेकांत काय ठरले होते त्यात ती होती. योनाथान व दावीद यांनीही बाणांचा अर्थ आधी ठरवून घेतला होता (वचने २० ते २२), आणि त्याआधी परमेश्वरासमोर करार केला होता. बाहेरच्या माणसाने ते गाणे शंभर वेळा ऐकले असते तरी त्याच्या हाती काही लागले नसते.

गाण्यांचा असा दुहेरी अर्थ सांगणारा दुसरा साक्षीदार फ्रेडरिक डग्लस. तोही मेरीलँडचाच गुलाम. पुढे सुटून मोठा वक्ता व लेखक झाला. तो लिहितो की आम्ही कनान देशाची गीते गात असू, तेव्हा आमच्या मनात केवळ स्वर्ग नसे. उत्तर हाच आमचा कनान होता. धनी ऐकत, आणि आपले गुलाम किती भाविक म्हणून संतुष्ट होत. पुष्कळ गुलामांनी म्हातारपणी आणखी एक आठवण सांगून ठेवली आहे. येशूकडे हळूच निघून जाण्याविषयीचे एक गीत दिवसा शेतात सुरू झाले की आज रात्री झाडीत प्रार्थनासभा आहे हे सर्वांना कळे. सभेच्या जागी लोखंडी हंडा पालथा घालून ठेवत. आवाज त्यात अडकतो, बाहेर जात नाही, अशी त्यांची समजूत होती. हंड्याने आवाज अडतो की नाही हे भौतिकशास्त्रवाल्यांनी पाहावे. मला त्यात एवढेच दिसते की ही माणसे प्रार्थना करताना पकडली जाण्याच्या भीतीत जगत होती.

भीती कशाची? धन्यांना शुभवर्तमान नको होते असे नाही. त्यांना त्यातले निवडक हवे होते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील पाचवे वचन मळ्यांवर वारंवार ऐकवले जाई, नववे क्वचितच. ब्रिटिश वेस्ट इंडिज बेटांतील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये पवित्र शास्त्राची एक कापलेली आवृत्ती छापली गेली, तिच्यातून मोशेने लोकांना मिसरातून बाहेर काढल्याचा इतिहासच गाळला होता. ती बेटांसाठी होती, अमेरिकेच्या मळ्यांसाठी नव्हे. पण धन्याला शास्त्रातले नेमके काय खुपते ते तिच्यावरून समजते.

आता शिक्षकबंधुभगिनींनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट सांगतो. डग्लसने तरुणपणी सेंट मायकल्स गावी गुलामांसाठी एक लहानशी शब्बाथ शाळा चालवण्यात भाग घेतला. मुले नव्या कराराचे वाचन शिकत. थोड्याच दिवसांत मेथडिस्ट मंडळीतील दोन वर्गनायक आणखी माणसे जमवून काठ्या घेऊन आत घुसले आणि त्यांनी शाळा मोडली. गुलामांनी रविवारी दारू प्यावी, कुस्ती खेळावी, याला त्यांची हरकत नव्हती. वाचू नये एवढेच. पुढे दुसऱ्या शेतावर गेल्यावर डग्लसने पुन्हा शाळा भरवली, एका मोकळ्या कृष्णवर्णी माणसाच्या घरी, गुप्तपणे. एके काळी चाळीसहून अधिक शिष्य होते. १८४५ साली त्याने आपले पहिले आत्मचरित्र लिहिले, तेव्हा शाळा मोडणाऱ्या वर्गनायकांची नावे उघड छापली. पण ज्याने घर दिले त्याचे नाव मात्र दिले नाही. त्या माणसाला अजून तेथेच राहायचे होते. आपण हजेरीपट घालतो, वार्षिक अहवालात वर्गांची संख्या छापतो. त्या शाळेचा अहवाल एका न दिलेल्या नावात आहे.

त्याच शेतावर, १८३६ च्या ईस्टरच्या आठवड्यात, डग्लस व त्याच्या सोबत्यांनी होडीने उपसागर पार करून पळायचे ठरवले. डग्लसला लिहिता येत असल्यामुळे त्याने धन्याच्या नावाने परवाने लिहिले : या माणसास ईस्टरच्या सुट्टीसाठी बाल्टिमोरला जाण्याची मुभा आहे. कोणीतरी फितूर झाले आणि शनिवारीच सर्वांना बांधून नेण्यात आले. डग्लसने आपला परवाना गुपचूप चुलीत टाकला. वाटेत हेन्री नावाच्या सोबत्याने विचारले, माझ्या परवान्याचे काय करू? डग्लसने सांगितले, बिस्किटाबरोबर खाऊन टाक आणि काही कबूल करू नकोस. हाच शब्द एकाकडून दुसऱ्याकडे गेला. परवाना सापडला असता तर दूर दक्षिणेला विक्री ठरलेलीच होती.

१८३८ साली डग्लस खरोखर निसटला, पण कसे ते त्याने गुलामगिरी संपेपर्यंत छापले नाही. एका खलाशाची ओळखपत्रे घेऊन तो आगगाडीत बसला होता; ते सांगितले असते तर पुढच्या माणसाची वाट बंद झाली असती. भुयारी रेल्वेची फुशारकी मारणाऱ्या मित्रांवर तो चिडे. १८४९ च्या मार्चमध्ये हेन्री ब्राऊन हा गुलाम तीन फूट लांबीच्या लाकडी खोक्यात स्वतःला खिळे मारून घेऊन रिचमंडहून फिलाडेल्फियाला टपालाने पोचला. सुमारे सत्तावीस तास. तिकडील मित्रांनी खोक्यावर टकटक करून सर्व ठीक ना असे विचारले, आतून उत्तर आले, आणि बाहेर येताच त्याने स्तोत्र गाइले. या गोष्टीचा देशभर बोभाटा झाला. आपल्यालाही ती सांगायला फार आवडते. डग्लसचे म्हणणे असे की ती गुप्त राहिली असती तर आणखी कितीतरी जण खोक्यांतून आले असते.

मग आपल्याला हे सारे कळले कसे? त्याचे श्रेय फार मोठ्या अंशी फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिल यांना आहे. तेथील गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत ते कारकून होते. १८५० साली एक उतारवयाचा मनुष्य आपल्या आईबापांचा शोध करीत त्यांच्यापुढे येऊन बसला. त्याने आईबापांची नावे सांगितली आणि स्टिल यांच्या ध्यानात आले की हा आपला सख्खा भाऊ आहे, आपल्या जन्माआधी आईला मागे टाकून यावा लागलेला. त्यानंतर त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाची नोंद अधिक कसोशीने ठेवली, कुटुंबे एकमेकांना सापडावीत म्हणून. ती वही पकडली गेली असती तर शेकडो माणसे धोक्यात आली असती; ती त्यांनी लपवून ठेवली आणि १८७२ साली पुस्तकरूपाने छापली. तीत स्टेशनांवरून आलेली पत्रे आहेत. हॅरिसबर्गहून एक कार्यकर्ता कळवतो की दोन वाजता चार मोठे व दोन लहान हॅम पाठवले आहेत. म्हणजे चार मोठी माणसे आणि दोन मुले. (दुसऱ्याच वर्षी, १८७३ साली, आपल्याकडे जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले आहे.)

येथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी मी हाच पाठ वर्गात घेतला, तेव्हा गोधड्यांची गोष्ट सांगितली. गुलाम स्त्रिया कुंपणावर गोधड्या वाळत घालीत आणि त्यांतील चौकटींच्या नक्षीवरून कोणत्या दिशेला जायचे, केव्हा निघायचे हे कळे, अशी ती गोष्ट. मुलांनी रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून सुंदर गोधडी केली. ती कित्येक महिने वर्गाच्या भिंतीवर होती. नंतर वाचनात आले की ही गोष्ट १९९९ साली निघालेल्या एका पुस्तकामुळे पसरली. स्टिल यांच्या नोंदींत, डग्लसच्या लिखाणात, हॅरिएटच्या आठवणींत अशा संकेताचा मागमूस नाही, आणि इतिहासकार ती मानत नाहीत. नदीकाठाने, आकाशातील भोपळ्याच्या आकाराच्या सप्तर्षींकडे पाहत जा, असे सांगणारे जे प्रसिद्ध गाणे आहे, तेही प्रथम छापले गेले १९२८ साली. गुलाम ध्रुवताऱ्याकडे पाहून चालत हे खरे. त्या गाण्याचा नकाशा करून चालत याला त्या काळचा पुरावा नाही.

मी पुढच्या रविवारी वर्गापुढे उभा राहिलो आणि सांगितले की मागचा पाठ मी चुकीचा शिकवला. एका मुलीने विचारले, "मग सर, पत्राची गोष्ट तरी खरी आहे का?" तो प्रश्न मला बरेच दिवस टोचत राहिला. एक भाकडकथा मी सांगितली, आणि तिच्या शेजारची खरी गोष्टही संशयात पडली. या माणसांनी जे केले त्याला आपल्या कशिद्याची गरज नाही. शिक्षकांनी गोधडी सांगितली तर 'लोक असे सांगतात' एवढे म्हणून सांगावी. मी तर ती आता गाळतोच.

पत्राची गोष्ट खरी आहे. तिचे पुढे काय झाले तेही त्या मुलीला सांगितले होते, आणि येथेही सांगतो.

१८५४ च्या नाताळात हॅरिएटचे तीन भाऊ व आणखी काही जण तिच्याबरोबर आपल्या आईबापांच्या झोपडीजवळ पोचले आणि वैरणीच्या खोपटात लपले. रॉबर्ट हा भाऊ मागून आला, कारण नेमक्या त्या दिवशी त्याच्या बायकोला प्रसूतिवेदना सुरू झाल्या होत्या. त्याने तिला सोडून यावे की नाही? तो आला. झालेल्या मुलीचे नाव पुढे हॅरिएट ठेवले गेले. बाहेर पाऊस पडत होता. आतल्या दोन परक्या माणसांना पुढे पाठवून म्हाताऱ्या बेनला, म्हणजे बापाला, गुपचूप उठवले. तो अन्न घेऊन आला, पण खोपटाच्या आत पाहिले नाही. पुढे निघताना त्याने डोळ्यांवर रुमाल बांधला आणि मुलांचे हात धरून थोडी वाट त्यांच्याबरोबर चालला. नंतर शोध घेणारे आले, तेव्हा त्याने सांगितले की मी माझ्या मुलांना पाहिलेले नाही.

हे खोटे बोलणे झाले का, असे मुले हमखास विचारतात. तुम्ही निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील सुइणी आणि यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायातील राहाब काढून त्यांच्यापुढे ठेवू शकता. मला स्वतःला रुमाल जास्त बोलका वाटतो. सरळ 'आले नव्हते' असे म्हणणे बेनला किती सोपे होते! त्याने तसे केले नाही. ज्या राज्यात त्याच्या मुलांना खुर्च्या-टेबलांसारखे विकायचे होते, तेथे तो नवव्या आज्ञेपुरता आपला शब्द जपत होता, आणि त्यासाठी त्याने आपल्या मुलांचे शेवटचे दर्शन सोडून दिले.

आईला मात्र काहीच सांगितले नाही. रिट तिचे नाव. नाताळला तिची मुले दरवर्षी जेवायला येत, त्या दिवशीही तिने सगळे रांधून ठेवले होते आणि ती सारखी वाटेकडे पाहत होती. तिला कळले असते तर ती मोठ्याने रडून ओरडून त्यांना अडवील, आणि शेजाऱ्यांना सुगावा लागेल, ही भीती होती. हॅरिएटने पाच वर्षांत आईला पाहिले नव्हते. रात्री निघण्यापूर्वी मुले झोपडीच्या भिंतीशी आली आणि फटीतून पाहिले. आई चुलीजवळ बसली होती, तोंडात चिलीम, गाल हातावर टेकलेला. त्यांनी हाक मारली नाही.

योनाथानाच्या पोराला काही ठाऊक नव्हते, त्यात त्याचे काही गेले नाही. रिटचे तसे नव्हते. संकेताबद्दल आपण मोठ्या कौतुकाने बोलतो, तेव्हा त्या झोपडीच्या आत कोण बसले होते हेही वर्गाला सांगावे.

२९ डिसेंबर रोजी मंडळी फिलाडेल्फियाला स्टिल यांच्या कचेरीत पोचली. वाटेत विल्मिंग्टनच्या थॉमस गॅरेट या क्वेकर गृहस्थाने त्यांना पुढे पाठवले होते. गॅरेटने लिहिले आहे की हॅरिएटच्या व आणखी एकाच्या पायांतील जोडे पार झिजून गेले होते, तेव्हा त्याने त्यांना दोन डॉलर दिले. तेथून ते कॅनडात सेंट कॅथरिन्स गावी गेले, कारण १८५० च्या कायद्यानंतर त्याहून जवळ सुरक्षित जागा उरली नव्हती.

पुढे पळणाऱ्यांना आसरा दिल्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बेनलाच पकडण्याची वेळ आली. १८५७ साली हॅरिएट पुन्हा मेरीलँडला गेली. या वेळी म्हातारा-म्हातारीला रात्रभर चालवणे शक्य नव्हते. तिने एक जुना घोडा मिळवला, त्याला गवताचा पट्टा केला, मोडक्या गाडीची दोन चाके जोडून त्यांवर फळी टाकली, आणि आईबापांना त्या फळीवर बसवून आगगाडीपर्यंत नेले. त्याच वर्षी रिट सेंट कॅथरिन्सला पोचली. मुलगे तेथे होते.